वेळेवर पोचणारी गाडी

मोटारसायकल स्टँडवर लावून शरणप्पा पिशवीसकट धावतच गोठ्यात शिरला. म्हैस जिवंत होती. नीलाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

“आलास बाबा वेळेवर,” ती म्हणाली.

शरणप्पा किल्लारी भागात गुरांच्या दवाखान्याचा कंपाऊंडर. कितीतरी वर्षं त्यानं सायकलवर गावं केली. लातूर जिल्हा झाला तेव्हा एक जुनी फटफटी वाट्याला आली. तिच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागे, धूर ओकायची, चढावर दम टाकायची. यंदा ही नवी आली. लहानखुरी, उघडीवाघडी, गोल दिवा, टाकी, सीट आणि खाली सगळं इंजिन डोळ्यांपुढं. ऑइल मिसळायला नको, एका किकमध्ये चालू, थोड्याशा पेट्रोलात दिवसभराची गावं. पहिल्याच दिवशी बायकोला, महानंदाला, मागं बसवून त्यानं औशापर्यंत चक्कर मारली. आता माझ्या उशिरापायी एकही जनावर जाणार नाही, असं तो तिला म्हणाला होता.

त्यानं म्हैस तपासली. ताप नव्हता, पोट फुगलेलं नव्हतं. बरगड्यांवर नुसतं कातडं होतं. पिशवीत पोटफुगीचं औषध होतं, मलम होतं, सुया होत्या.

“माय, हिला रोग न्हाई,” तो म्हणाला. “हिच्या पोटात काई न्हाई.”

“मंग त्याचं दे की काईतरी.”

दुष्काळात वैरण संपल्यावर छपराचं गवत काढून घातलं, असं ती सांगत होती. त्यानं वर पाहिलं. नुसत्या वाशांतून ऊन खाली येत होतं. उपयोग नाही हे ठाऊक असूनही त्यानं ताकदीचं इंजेक्शन दिलं, कारण ती त्याच्या हाताकडं बघत होती. दुपारी म्हैस गेली.

सायकल होती तेव्हा तो पोचेपर्यंत पुष्कळदा सगळं आटोपलेलं असायचं. वाट लांबची, असं तो म्हणायचा. लोकही मान हलवायचे. आता तो जनावराशेजारी बसून असायचा.

परतताना पुढची वस्ती दिसली. या गाडीचा आवाज तसा हलका. पण गोठ्यांतून हंबरणंच उरलं नव्हतं, त्यामुळं तो लांबूनच ऐकू जायचा आणि लोक आशेनं दावणीपाशी येऊन उभे राहायचे.

शरणप्पानं इंजिन बंद केलं. खाली उतरला, आणि भर उन्हात गाडी ढकलत वस्तीच्या बाहेरबाहेरून चालू लागला.