निकोलाचा पाव आणि आजोबांचा डबा

वुकोमान म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, आणि हा स्वर्गात झालेला कारकुनी घोटाळा आहे असं त्याचं ठाम मत होतं. घराण्याचं कुलदैवत संत निकोला. त्याच्या सणाला घराण्याची मेणबत्ती लावायचा आणि पाद्र्यासोबत पाव कापायचा मान घरच्या पुरुषाचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. यंदा म्हाताऱ्याचे हात इतके थरथरत होते की सुरी धरवेना, आणि घरात दुसरा पुरुष एकच, जावई मिलोये. लग्नापासून इथेच राहिलेला, छपराची कौलं बदलणारा, प्लमची दारू गाळणारा.

"घरजावयाच्या हातात सुरी? त्यापेक्षा मेणबत्ती माझ्याबरोबर विझू दे," वुकोमान दर सणाला पाहुण्यांसमोर म्हणायचा. मिलोये पाहुण्यांचे पेले भरायचा. यंदा मात्र मुलीने, स्तानियाने, सकाळीच बजावलं होतं, "बाबा, आज त्यांचा पाणउतारा केलात तर उद्या आम्ही सामान बांधतो."

म्हातारा कसला ऐकतोय! वाचनालयाच्या बाईंना प्रदर्शनासाठी जुनी पोस्टकार्डं हवी होती. तेवढ्यावरून त्याने आपल्या आजोबांचा, रादिसावचा, पोस्टकार्डांचा डबा पाव कापायला आलेल्या पाद्र्यासमोर टेबलावर आपटला.

"बघा, गावातलं सर्वांत जुनं घराणं! बापाकडून मुलाकडे, मध्ये एक परका नाही. वाचा जावईबापू, मोठ्याने."

मिलोयेने उझित्से शहरातल्या पुलाचं चित्र असलेलं कार्ड उलटलं, वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"शाई उडालीय, बाबा."

"तुझी अक्कल उडालीय! आण इकडे."

पाद्र्याचा चष्मा ओढून त्याने आपल्या नाकावर चढवला आणि खणखणीत सुरुवात केली.

"रादिसावा, सासऱ्याच्या घरी राहतोस, आडनाव त्याचं लावतोस, निकोलाही त्याचाच पुजतोस. तरी भावा, आपल्या घरचा संत जॉर्ज विसरू नकोस. सासू अजून खुराडं झाडायला लावते का?"

शेवटच्या ओळीला आवाज पार खुराड्यात शिरला होता. पाद्र्याला ठसका लागला. स्तानिया दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

वुकोमानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची तो इतकी वर्षं चारचौघांत अब्रू काढत आला, तोच आत्ता त्याची अब्रू झाकायला धडपडला होता.

त्याने सुरी मिलोयेपुढे सरकवली.

"बघतोस काय? धर. या घराची मेणबत्ती घरजावयांनीच जळती ठेवलीय." मग स्तानियाकडे वळून तो गुरगुरला, "आणि उद्या खुराडं मी झाडणार. आमच्या घराण्याचा जुना मान आहे तो."