‘ओन अप’चा अर्थ

थोरल्या जाऊबाईंनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि शाळकरी पोरीसारख्या मांडी घालून बसल्या. धाकटी जाऊ शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून शिकवणी तिच्या गळ्यात पडली होती. थोरलींच्या दूरदेशी वाढलेल्या नातीला मराठी जेमतेम कळायचं. सुट्टीत इथे आली असताना, दिवंगत आजोबांचा चष्मा मोडल्याबद्दल बोलणी खाल्ल्यापासून ती आजीशी फोनवर बोलतच नव्हती.

“मास्तरीणबाई, तिला सांगायचंय, तू कबूल केलं असतंस, तर आजी एका शब्दाने बोलली नसती.”

“त्याला ओन अप म्हणतात, वहिनी.”

“म्हणजे नुसतं हो म्हणणं?”

“नाही. चूक माझीच, असं पुढे येऊन सांगणं. मग ‘टू’ लावून काय केलं ते सांगायचं.”

बोलता बोलता धाकटीला तो दिवस आठवला. दिवाणावर तीच धपकन बसली होती आणि खाली कचकन आवाज झाला होता. चष्मा तिने गुपचूप डबीत ठेवला. नातीवर आळ आला तेव्हा देवाने तिच्या ओठांवर खरे शब्द आणून ठेवले होते. तिने ते गिळले.

“एखादं वाक्य दे की गं.”

“चष्मा मी मोडला, वहिनी. पोरीने नाही.”

पेन्सिल थांबली. “आणि मी त्या लेकराला खोटारडी म्हणाले!”

वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि फोन तिच्यापुढे सरकवला.

“लाव. आधी तू बोल. मग माफी कशी मागायची, ते मला शिकव.”