सायबोयचे सहा उस्ता

सायबोय गावात बोझ-उय, म्हणजे लाकडी सांगाड्यावर लोकरीची नमद ताणून केलेलं गोल घर, बांधणारा एकच उस्ता, म्हणजे कारागीर, उरला होता आणि त्याचं नाव ताश्तानबेक. आम्ही त्या घरची सून नाही म्हणून बिनधास्त सांगतो. जिपार त्या घरची सून होती. तिची पंचाईत होती.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नुसतं नाव नाही, नावातला शब्दसुद्धा नाही. ‘ताश’ म्हणजे दगड. म्हणून लग्न झाल्यापासून जिपार दगडाला ‘कडक’ म्हणायची. इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठाला जिकडे बघाल तिकडे कडकच कडक, त्यामुळे बोलणं जरा लांबायचं, पण जीभ सरावली होती. “एने, लांडगा वाटतोय, कडक उचला!” असं ती ओरडली की सासूबाई बरोबर दगडच उचलायच्या. सासऱ्यांना ती समोर ‘अता’ म्हणायची. मागे काय काय म्हणायची ते त्यांना ठाऊक नव्हतं.

वसंताच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याचा, कुबातचा, रशियातल्या त्युमेनहून फोन आला. तो तिकडे गोदामं बांधायला गेला होता.

“अता, इथला मुकादम आणखी वर्षभराचा करार घेऊन मागे लागलाय. घरी काम असेल तर येतो. नसेल तर सही करतो. काय करू?”

म्हाताऱ्याने फोन बायकोकडे दिला आणि अंगणात जाऊन उगाच एक काठी तासली. काम नव्हतं. गावची पोरं बाजारातून ताडपत्रीचे तंबू आणत होती. जिपार मात्र फोनकडे बघत बसली. मुकादमाच्या त्या कागदावर नवऱ्याची सही होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

वेबसाइट होती तशी. कुबातच्या बिश्केकमधल्या मित्राने बनवून दिलेली, माथ्यावर उस्तांचं पूर्ण नाव, खाली फोटो. पण तिच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. मित्राला विचारलं तर म्हणाला, “वहिनी, जगातल्या सगळ्या डिरेक्टऱ्यांत तिची नोंद करा. फक्त एक सांभाळा. नाव सगळीकडे सारखं हवं, काना-मात्रेचा फरक नको. नाहीतर यंत्राला वाटतं, ही वेगवेगळी माणसं आहेत.”

“सून करेल,” अता म्हणाले. “ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकलीय.” आणि वाळुंजाच्या काठ्यांना वाफ द्यायला निघून गेले.

पहिल्या डिरेक्टरीच्या पहिल्याच चौकटीत विचारलं होतं: व्यवसायाचं नाव. जिपारचा हात हवेत थांबला.

“एने, लिहिलं तर चालेल का?”

“जे जिभेला नाही ते बोटाला कसं चालेल?” सासूबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. “बोट म्हणजे जिभेची धाकटी बहीण.”

“मग अतांनाच लिहायला सांगू?”

दोघींनी म्हाताऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याच्या एका बोटाखाली फोनवरची चार अक्षरं दबायची. विषय तिथेच संपला.

“मी लिहीत नाही,” जिपारला युक्ती सुचली. “वेबसाइटवरून उचलते आणि इथे चिकटवते. ते आपलं आपण जातं.”

“डोळे मिटून कर,” एने म्हणाल्या. “बघायचंही नाही.”

जिपारने डोळे मिटले, उचललं, चिकटवलं, पाठवलं. डिरेक्टरीने आभार मानले. डोळे उघडून पाहते तर उचललं गेलंच नव्हतं; आधी उचललेलंच चिकटलं होतं, सकाळी नवऱ्याला पाठवलेला निरोप. आणि मग त्या दिवसापासून बोझ-उय बनवणाऱ्यांच्या जागतिक यादीत सायबोयचा एक व्यवसाय आला, त्याचं नाव ‘गरम मोजे पाठवलेत, घालत जा’. फोन नंबर बरोबर. पत्ता बरोबर. पुसायचं म्हटलं तर विनंती विचाराधीन आहे म्हणे.

तेव्हा तिने चिकटवणं सोडलं आणि तोंडाला जे सवयीचं तेच लिहीत गेली. एका डिरेक्टरीत ‘कडक उस्ता’. दुसरीत ‘घरातले थोरले’. तिसरीत ‘वाळुंज वाकवणारे’. चौथीपर्यंत ती दमली होती, तिथे लिहिलं, ‘ज्यांचं नाव घेत नाही ते’.

पुढे जे झालं ते बघून तिची मतीच गुंग झाली. एका डिरेक्टरीने दुसरीची नक्कल केली, दुसरीने तिसरीची. जिपारने न लिहिलेल्या याद्यांतही नावं दिसू लागली. ती बोर्सोक तळत बसायची आणि तिकडे कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी थंड खोलीतलं यंत्र तिच्या सासऱ्यांना एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचं. काही याद्यांची लिपीसुद्धा तिला वाचता येत नव्हती. उलट्या अक्षरांची, चौकोनी अक्षरांची, कोंब फुटल्यासारख्या अक्षरांची. पण त्या अनोळखी गर्दीत स्वयंपाकघरातल्या फोनचा नंबर तसाच उभा असायचा, परक्या स्टेशनावर गावचा माणूस दिसावा तसा. ती त्यावरून बोट फिरवायची. तेल जळायचं.

सगळंच काही सुरळीत नव्हतं. बोझ-उय म्हणजे शब्दशः करडं घर. पोर्तुगालच्या एका यादीने त्यांना रंगाऱ्यांत टाकलं. तिकडून एका बाईने तीन मजली इमारतीचा फोटो पाठवला आणि भाव विचारला. एनेंनी फोटो नीट बघितला आणि म्हणाल्या, “एवढी नमद कुठून आणायची?”

आणि मग एके दिवशी फोन टिंगकन वाजला. लगेच पुन्हा. पुन्हा. अल्माटीच्या एका पाहुणघरवाल्याने सायबोयच्या तीन उस्तांना निरोप पाठवला होता, ‘कडक’, ‘थोरले’ आणि ‘वाळुंज’. प्रत्येकाकडून एकेक बोझ-उय हवं होतं, कारण सगळी एकसारखी दिसलेली त्याला नको होती.

जिपार नाचायचीच बाकी होती. तेवढ्यात चौथा निरोप आला, बिश्केकच्या डिरेक्टरीचा: एकाच अंगणात, एकाच फोनवर इतके उस्ता कसे? नोंदी खोट्या वाटतात. उद्या फोन करू, ज्याने नोंद केली त्याने खरं नाव सांगावं. नाहीतर सगळ्याच पुसू.

म्हणजे अल्माटीही गेली आणि नवराही. ती तशीच बसली असताना अता हात पुसत आत आले.

“काय गं पोरी, लागला का मासा गळाला? बघू, आपल्या भागातलं काय दाखवतंय ते.”

तिने काही बोलायच्या आत त्यांनी फोन घेतला. लांब धरला, जवळ घेतला. ओठ हलवत वाचत गेले. मग हळूच खाली बसले.

“सहा,” ते म्हणाले. “माझ्यासकट सहा उस्ता आहेत सायबोयात.”

“अता, ते—”

“मी समजत होतो, माझ्याबरोबर संपलं.” त्यांनी बोटाने यादी पुन्हा वर सरकवली. “वीस वर्षं मनात तेच घेऊन घराच्या माथ्याचा तुंदुक बांधतोय. प्रत्येक वेळी वाटतं, हा शेवटचा. आणि हे बघ! हा ‘वाळुंज वाकवणारे’. नावावरूनच कळतं, जुन्या घराण्यातला आहे. हा ‘ज्यांचं नाव घेत नाही ते’. केवढा मोठा असेल गं! आणि हा मोज्यांचा… जरा विचित्र आहे. असू दे, हाताला कला असली की डोकं थोडं इकडेतिकडे चालायचंच.”

जिपारला खरं सांगवेना. लग्न झाल्यापासून तिने त्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतांनी डोक्यावर नवा कल्पाक घातला, दाढी विंचरली, फडक्यात नान आणि कोकराचं मांस बांधलं. पहिल्यांदा भेटायला रिकाम्या हाताने कसं जायचं? “चल, नकाशा धर,” ते म्हणाले. “सगळ्यात जवळचा कोण?”

“कडक… कडक उस्ता,” जिपार म्हणाली.

नकाशातली बाई बोलू लागली. फाटकाबाहेर डावीकडे. कुंपणाच्या कडेने सरळ. पुन्हा डावीकडे. आपण पोहोचलात.

अतांनी वर पाहिलं. समोर त्यांचंच मागचं दार होतं आणि दारात त्यांची शेळी.

“चुकलं असेल. दुसरा लाव.”

दुसऱ्याने त्यांना उजवीकडून फिरवलं आणि त्याच शेळीपाशी आणलं. तिसऱ्या फेरीला समोरच्या घरातल्या बायका भिंतीवर हनुवट्या टेकवून उभ्या राहिल्या.

“उस्ता, काय हरवलं का?”

“शेजारी शोधतोय!” अता ओरडले.

“मग आम्ही कोण, मेंढ्या?”

चौथ्यांदा शेळीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अतांनी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. “मोठी माणसं आहेत,” ते हळूच म्हणाले. “भेट द्यायची नसेल कुणाला.”

जिपारला रडू फुटणार, तेवढ्यात हातातला फोन वाजला.

“नमस्कार, बिश्केकहून बेगायिम बोलतेय, डिरेक्टरीतून. बोलणं रेकॉर्ड होतंय. व्यवसायाचं खरं नाव सांगा.”

फोन मोठ्या आवाजावर होता. एने शिवणाची सुई हातात घेऊन दारात आल्या होत्या.

“ते… ज्यांच्या नावात कडक आहे…”

“पूर्ण नाव.”

“कडक, आणि मग पुढे… बाई, ते माझे सासरे आहेत.”

फोनमधला आवाज एकदम खाली आला. “केलीन आहेस? त्या घरची सून?”

“हो.”

“अगं माझे आई! माझ्या सासऱ्यांचं आणि ओश शहरातल्या त्या डोंगराचं नाव एकच. पायथ्याच्या एकाही हॉटेलची नोंद मला करता येत नाही. शेजारणीकडे ढकलते. सगळ्या ऑफिसला वाटतं मी आळशी आहे.”

“मग काय करू गं?”

“नाव मी घेते. माझे थोडेच सासरे आहेत? तू फक्त हो म्हण. वेबसाइटवर आहे ना, थांब.” आणि स्वच्छ, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात बेगायिम म्हणाली, “ताश्तानबेक.”

एनेंनी सुई छातीशी धरली. अता ताठ उभे राहिले, जणू कुणीतरी डोंगराच्या पलीकडून हाक मारली होती. बाईच्या तोंडून ते नाव त्यांनी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. ती संध्याकाळी त्याच कुंपणाशी उभी राहून हाक मारायची, मेंढ्या आण म्हणून.

“पुन्हा म्हण, मुली,” ते म्हणाले.

“ताश्तानबेक,” फोन म्हणाला.

“हो,” जिपार म्हणाली. “तेच.”

“झालं. आता बाकीचे पाच पुसते.”

“थांब,” अता म्हणाले. मग सुनेकडे वळले. “बाकीचे कोण?”

“तुम्हीच, अता. सगळे तुम्हीच. नाव घेता येत नव्हतं म्हणून… मी मागे तुम्हाला तसं म्हणते.”

गाठोडं त्यांनी शेळीशेजारच्या ओट्यावर ठेवलं आणि स्वतःही बसले. जिपार खाली मान घालून वाट बघत राहिली.

“वाच,” ते म्हणाले.

तिने वाचलं. घरातले थोरले. कडक उस्ता. ज्यांचं नाव घेत नाही ते. वाळुंज वाकवणारे. ते डोळे मिटून ऐकत होते, जसं कुणी दुसऱ्याच माणसाचं कौतुक ऐकावं. मोज्यांपाशी ती अडखळली.

“तो कोण?”

“ती… ती चूक झाली. ते तुमच्या मुलाला होतं.”

“वाटलंच,” अता म्हणाले. “तो मला पहिल्यापासून जमण्यातला वाटत नव्हता.”

“पुसू ना मग?” बेगायिमने विचारलं. “खाली ‘इतर नावं’ म्हणून एक रकाना आहे. ठेवायची तर तिथे ठेवता येतील. माणूस मात्र एकच दिसेल.”

“मोजे सोडून सगळी ठेव. आणि त्या अल्माटीवाल्याला कळव पोरी, की उस्ता एकच आहे. पण तीन बोझ-उय हवी तेवढी वेगळी करून देईल. एक कडक करेल, एक थोरला करेल आणि एक वाळुंजवाला.”

“माझंही एक लिहा,” दारातून एने म्हणाल्या.

“तू मला काय म्हणतेस?”

“आजवर कधी काही म्हटलंय का? ‘ऐकतोस ना’ एवढंच.”

बेगायिमने तेही लिहून घेतलं. ‘ऐकतोस ना’. रकान्यात अजून जागा होती म्हणे.

अल्माटीवाला हसत सुटला आणि तिन्ही घेतो म्हणाला. तासाभराने अतांनी त्युमेनला फोन लावायला सांगितला. कानाशी धरून ते ओरडले, कारण त्युमेन लांब आहे.

“कुबात! सही करू नकोस! इथे पाच-पाच उस्ता आहेत आणि सगळे म्हातारे! एकाचाही गुडघा चालत नाही!”

पलीकडे लोखंड आपटल्याचा आवाज आला, कुणी रशियनमध्ये शिवी दिली. मग कुबात म्हणाला, “वाळुंज तोडलीत का? मी येईपर्यंत साल काढू नका. ती कामं तुमच्या हातची नाहीत आता.”

“ऐकलंस?” अता सुनेला म्हणाले. “बापाला काम शिकवतोय.”

जिपारने ‘मी येईपर्यंत’च्या पुढचं काही ऐकलं नव्हतं. ती ओट्यावर बसून शेळीला नान खाऊ घालत होती.