अनंतावर थांबलेला काटा

बटण : ओहम

मी एक जुना मल्टीमीटर आहे, मित्रांनो. आकड्यांचा नव्हे, काट्याचा. काचेआड बारीक काटा, मध्ये एक गोल बटण. ते फिरवाल तसा मी व्होल्ट मोजतो, म्हणजे विजेचा दाब. अँपिअर मोजतो, म्हणजे प्रवाह. किंवा ओहम, म्हणजे त्या प्रवाहाला तार किती रोध करते ते.

मी घडलो तो कारखाना मला नीट आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती नथूभाऊंच्या हातापासून. कान्हे स्टेशनाजवळ त्यांचं पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळलेल्या मोटारी इंदुरीहून येत, सुदुंबऱ्याहून येत, आणि प्रत्येकीचं दुखणं आधी मला विचारलं जाई.

ओहमच्या पट्टीवर माझा काटा उलटा चालतो. डावीकडे अनंत, उजवीकडे शून्य. रोध मोजण्याआधी नथूभाऊ माझ्या लाल आणि काळ्या वायरीची टोकं एकमेकांना टेकवत. पोटातल्या सेलची वीज सरळ वाहू लागे आणि काटा अनंतावरून शून्यावर धावे. "जागा हाईस न्हवं?" ते विचारत. मी जागाच असे.

मग एका सकाळी दुकान उघडलंच नाही. नथूभाऊंच्या छातीत कळ आली आणि ते गेले, एवढंच कानावर पडलं. बटण ओहमवर होतं.

बटण : ओहम. अजूनही.

त्यांच्या बायकोनं, अंबूबाईंनी, मला घरी आणून फळीवर ठेवलं. बटणाला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी ठेवलं तसं राहू द्या, असं त्या येईल त्याला सांगत. त्यांची मुलगी कोमल आयटीआय शिकून कंपनीत वायरमन झाली, पण तिनंही मला कधी उचललं नाही. तिचा आकड्यांचा मीटर होता.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला खाली घेत. पकडी, हातोडी, कोयता आणि मी. सगळ्यांना कुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्यारं विसावतात. पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी कुणी उचलत नाही. मी मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त झुरायचो. बाकीची एका दिवसापुरती विसावलेली. मला दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीच होती.

बटण : व्होल्ट

परवाच्या खंडेनवमीला दिवेलागणीच्या आधी सुदुंबऱ्याच्या शालूबाई स्कूटीवरून आल्या. त्यांची कोंबड्यांची शेड आहे. नवी पिल्लं आदल्या दिवशीच आली होती, आभाळ दाटलेलं, हवेत गारठा, आणि पिल्लांसाठी लावलेला हीटर तापेना. पिल्लं एकमेकांवर चढून गठ्ठा करत होती, खालची गुदमरून मरत होती. गावातला वायरमन पुजलेल्या पकडी उचलायला तयार नव्हता. हीटरची कॉइल, म्हणजे तापणारी तार, गेली असेल म्हणून शालूबाईंनी स्वतःच नवी टाकली होती, तरी तेच. कोमलचा मीटर कंपनीच्या लॉकरमध्ये, कंपनीला सुट्टी.

सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली.

"त्याला न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "पुजलाय. आन् बटण फिरवलं की त्यांचा हात गेला त्यावरनं."

शालूबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पदराआडून एक पिल्लू काढून अंबूबाईंच्या ओंजळीत ठेवलं. ते थरथरत होतं.

अंबूबाईंनी ओंजळ छातीशी धरली. मग म्हणाल्या, "कोमल, उचल. कुकू पुसू नगंस."

अंबूबाईही पिल्लू घेऊन शेडवर आल्या. तिथं कोमलनं आधी माझी टोकं एकमेकांना टेकवली. मी जीव एकवटला, पण काटा अनंतावरून हलला नाही. सेल मेला होता. ओहम मोजणं आता माझ्या हातचं नव्हतं. तेव्हा तिनं बटण फिरवलं. कट्, एवढाच आवाज झाला. अंबूबाईंनी डोळे मिटून घेतले.

दाब मोजायला मला सेल लागत नाही. हीटर चालू असताना मी दाखवले एकशे साठ व्होल्ट. हवे होते दोनशे तीस.

बटण : अँपिअर

मित्रांनो, दाब मोजताना मी वाटेच्या कडेला उभा असतो. प्रवाह मोजताना मला वाटेतच उभं करतात; सगळी वीज माझ्या अंगातून जाते. किती वर्षांनी ती गेली. काटा तीनवर थांबला.

कोमलनं शेडच्या फळीवर खडूनं मांडलं. एकशे साठ भागिले तीन : रोध साधारण त्रेपन्न ओहम. हजार वॉटच्या चांगल्या कॉइलचा एवढाच असतो.

"मावशी, कॉइलला काही झालं नाही," ती म्हणाली. "आता शक्ती बघा. एकशे साठ गुणिले तीन, चारशे ऐंशी. हजार वॉटचा हीटर आणि मिळते निम्म्याहून कमी ऊब. दाबच पडलाय."

"मंग पिल्लांचं काय करू?"

"ऊब निम्मी, तर जागा निम्मी करा."

पिल्लांभोवतीचा पत्र्याचा गोल त्यांनी आत ओढला, वरून बारदानं टाकली, हवेला एक फट ठेवली. दाब वाढवून घ्यायला वीजवाल्यांना फोन लावायचा तो लावलाच. हळूहळू गठ्ठा सुटला. पिल्लं पांगून दाणे टिपू लागली. अंबूबाईंनी ओंजळीतलं पिल्लू त्यांच्यात सोडलं.

बटण : बंद

घरी आल्यावर कोमलनं माझी पाठ उघडली. सेल फुटून हिरवट-पांढरी बुरशी धरावी तसा पसरला होता, आणि ओहमची तार त्यानं खाल्ली होती.

"म्या तर कुनाला हातबी लावू दिला न्हाई," अंबूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच, आई."

कोमल बटण पुन्हा पहिल्या जागी, ओहमकडे नेऊ लागली. अंबूबाईंनी तिचा हात धरला. "बंदवर ठिव. लय दमला आसंल."

मग त्यांनी स्वतः माझी लाल आणि काळी टोकं हातात घेतली आणि एकमेकांना टेकवली. काटा हलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "जागा हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी वस्तू जशीच्या तशी जपलेली असेल. तिला फूल वाहा, पण आधी तिच्या पोटातला सेल काढा. अधूनमधून तिचं बटण फिरवा, तिला कामाला लावा. त्यानं त्या माणसाचा हात पुसला जात नाही. कोमलनं मला वाटेत उभं केलं तेव्हा तो हात मला पुन्हा लागला होता.

माझ्या काचेवर परवाचं कुंकू अजून आहे. उद्या कोमल मला तिच्या पिशवीतून नेणार आहे म्हणे.