काउंटरवरचा खळगा

समुद्रकाठच्या त्या पर्यटकांच्या गावात हा बार म्हणजे सगळ्यांचा जीव की प्राण. त्याची पंचाहत्तरी आली तसा नव्या मालकाने एका जाहिरातवाल्याकडून इतिहास लिहून घेतला आणि समारंभात तो वाचायला गावातल्या निवृत्त नर्सबाईंना बोलावलं. त्यांच्या आईने तिथे तीस वर्षं झाडलोट केली होती. आईचं नाव चार लोकांत घेतलं जाईल, एवढ्या एका आशेवर बाई ठेवणीतले कपडे घालून आल्या.

कागद हातात पडला. त्यात आई कुठेच नव्हती. होता तो काउंटरवरचा ताटलीएवढा खळगा. ‘रसिकांच्या कोपरांनी उमटवलेला प्रेमाचा ठसा’ म्हणे! इस्पितळात जन्मभर लोकांची घाण काढली, पण अशी किळस बाईंना कधी आली नव्हती.

कसले रसिक नि कसलं प्रेम! खांबाशेजारची ती जागा. उभं राहवेनासं झालं की जो तो तिथे रेलायचा आणि तिथेच भडाभडा ओकायचा. सकाळी आई सोडा टाकून विटेच्या तुकड्याने घासायची. वास राहिला की जुना मालक पुन्हा घासायला लावायचा. लाकूड झिजलं तसे तिचे हातही सोलले. जेवताना ती बोटं पदराआड लपवायची.

बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि हे सगळं, काही न गाळता, सांगून टाकलं. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या. मग टाळ्या पडल्या. आईला तिचा मान मिळाला, असं बाईंना क्षणभर वाटलंसुद्धा.

मालक धावतच आला. “मावशी, काय जबरदस्त गोष्ट आहे! उद्याच खळग्याजवळची पाटी बदलतो.”

“आईचं नाव घालाल ना?”

“नाव कशाला? नुसतं ‘सफाईवाली’ जास्त भिडतं. आणि ऐका ना, रोज संध्याकाळी तुम्हीच या. वीट घेऊन पाच मिनिटं घासून दाखवायचं. पाहुणे वेडे होतील!”

शिसारी आली बाईंना. त्याची, त्या टाळ्यांची, टाळ्यांनी सुखावलेल्या स्वतःचीही. तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात जमलं होतं तेवढं सगळं त्या, सगळ्यांदेखत, खळग्यात थुंकल्या.

“घ्या, पुसा,” त्या म्हणाल्या. “पाहुणे बघताहेत.”