धाकटीचं नाव

माहेरी आम्ही दोघी बहिणी नाउतिया. आमच्यात बापाचं कूळ तेच प्रत्येक लेकीचं नाव, वेगळं कुणाला सुचतच नसे. आईने हाक मारली की आम्ही दोघी अंजिराखालून धावत सुटायचो. "अगं, थोरलीला बोलावलं," ती म्हणायची आणि मधातला वडा मोडून दोघींच्या हातावर ठेवायची. थोरली गेली, तरी मी अजून धाकटीच आहे.

सासर वेतूरियांचं. माझी पहिली लेक वेतूरिया गेल्या उन्हाळ्यात तापाने गेली. आता दुसरी कुशीत आहे. सारखी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते मी. उद्या तिचा आठवा दिवस, नाव ठेवायचा.

"नुसतं वेतूरिया," सासूबाई म्हणाल्या. "एकच तर मुलगी आहे घरात."

"धाकटी वेतूरिया म्हणूया ना."

"म्हणजे लोक विचारणार, थोरली कुठंय? तान्ह्या जिवावर गेलेलीची सावली कशाला, सूनबाई?"

दिवाणखान्यातल्या कपाटांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे आहेत, सगळ्यांची नावं तितुस नाहीतर स्पुरियुस. त्यांना विसरायची सोयच नाही. माझी लेक होती हे सांगायला मात्र उद्यापासून तिचं नावसुद्धा उरणार नव्हतं.

सकाळी सासूबाईंचे भाऊ आले, दारातूनच ओरडत, "काय गं तिसरे, परत आजी झालीस?"

"हळू बोल, बाळ झोपलंय. आणि पाय पूस."

मला राहवलं नाही. "मामा, तुमच्या पहिल्या दोघी बहिणी कशा होत्या?"

"मला काय माहीत? माझ्या जन्माआधीच गेल्या त्या."

"मीही नाही पाहिल्या," सासूबाई म्हणाल्या. बाळाच्या गळ्यात चंद्रकोर बांधता बांधता त्यांचा हात थांबला. "आई मला तिसरी म्हणायची ना, तेव्हा दर वेळी आधी जराशी थांबायची."

देवांपुढे दिवा लावून माझ्या नवऱ्याने बाळाला उचललं आणि नावासाठी आपल्या आईकडे पाहिलं.

"वेतूरिया," सासूबाई म्हणाल्या. जराशा थांबल्या. "धाकटी."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तेच नाव घेतलं.

शेजारची म्हातारी लगेच पुढे सरकली. "म्हणजे थोरली पण आहे का?"

"होती," सासूबाई म्हणाल्या आणि मधाच्या वड्यांचं ताट तिच्यापुढे धरलं.