दगडाचं माप

दृष्टी गेल्यापासून सासरेबुवांनी एकच धोशा लावला होता. किनाऱ्याचा जुना रस्ता एकदा पायांखाली घालायचा. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्या रस्त्यावरची बंदरं, किल्ले, दीपस्तंभ फळ्यावर काढून दाखवले, पण स्वतः जायला कधी सवड झाली नाही. सवड मिळाली तेव्हा डोळ्यांनी दगा दिला. "बघायला कुठे जातोय? भेटायला जातोय," असं म्हणून ते समोरच्याचं तोंड बंद करायचे.

मुलगा नेणार होता. ऐन वेळी त्याच्या कारखान्यातलं यंत्र बिघडलं आणि ही कामगिरी सुनेच्या गळ्यात पडली. सून दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, अशी तिला सवय. इथे शेजारच्या सीटवरची टकळी घर सुटल्यापासून थांबली नव्हती.

"काय दिसतंय, सूनबाई?"

"समुद्र. छान आहे, बाबा."

"छान म्हणजे काय? छान तर चहासुद्धा असतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुढच्या वळणावर काळ्या खडकांची रांग दिसली आणि ती बोलून गेली, "पाण्यात खडक आहेत. पुढचे दोन झिजलेत, मधला पडलाय आणि शेवटची अक्कलदाढ आडवी उगवलीय."

बाबा इतके हसले की त्यांना ठसकाच लागला. "आता दिसलं!"

मग काय, तिला सूरच सापडला. किल्ल्याच्या तटाच्या हिरड्या सुटल्या होत्या, बंदराच्या धक्क्याला कुणीतरी सिमेंट भरून गेलं होतं आणि तेही वाईट भरलं होतं. बाबा मध्येच तिला थांबवून त्या तटामागची लढाई सांगायचे, धक्क्यावर कुठला माल उतरायचा ते सांगायचे. शाळेत इतिहासाच्या तासाला पेंगणारी ही बाई गाडी बाजूला घेऊन ऐकत बसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुन्या दीपस्तंभापाशी पोचले. शेजारी एका खोलीचं संग्रहालय होतं. स्तंभाच्या दाराजवळ, हात पोचेल अशा उंचीवर एक कोरीव दगड होता आणि त्याखाली पाटी. तिने मोठ्याने वाचली, "अक्षरे झिजल्यामुळे मजकूर लागत नाही. स्तंभ एखाद्या सरदाराने बांधला असावा."

बाबांनी दगडावरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा, परत उलट्या बाजूने. "लिपी ओळखीची वाटतेय, पण अक्षरं खोलात आहेत. बोट आत शिरत नाही. वर आलेली असती तर..."

पुढे ते बोललेच नाहीत. सकाळपासून पहिल्यांदाच गप्प झाले, हात तसाच दगडावर ठेवून. ज्या बडबडीने ती वैतागली होती ती थांबल्यावर तिला चैन पडेना. खोल आहे ते वर आणायचं... अरे, हे तर आपलं रोजचं काम!

"बाबा, आपण दगडाचं माप घेऊ. दातांचं घेतो तसं. दातातला खड्डा मापात उंचवटा होऊन येतो."

संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी आधी दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दगडाला इजा?"

"नाही. ही पावडर आम्ही माणसांच्या तोंडात घालतो. पाण्याने धुतलं की साफ."

बाईंनी वरिष्ठांना फोन लावला, होकार मिळवला आणि स्वतः बादली भरून आणली. सुनेने जवळच्या शहरातल्या ओळखीच्या दवाखान्यातून गुलाबी पावडरचे डबे उचलून आणले. दगड ओला केला, पीठ कालवलं, थापलं आणि घट्ट झाल्यावर अलगद सोडवलं. पहिला तुकडा फाटला. दुसरा अख्खा आला, रबरासारखा लवचीक, आणि त्यावर उठून आलेली अक्षरं.

"आरशातल्यासारखी उलटी आहेत हं," ती म्हणाली.

"असू देत. पोरांनी याहून वाईट लिहिलेलं वाचलंय मी."

सगळ्या दगडाची अशी मापं घेऊन संग्रहालयाच्या टेबलावर तुकडे ओळीने मांडले. बाबांची बोटं सरकू लागली. तिला ती जुनी लिपी येत नव्हती, पण आकार स्पष्ट दिसत होते. बाईंनी पर्समधला आरसा काढून धरला होता.

"ही मात्रा."

"नाही बाबा, तो दगडाचा चरा आहे. खालपर्यंत गेलाय."

"मग 'दो' नाही, 'दा'. दागि... दागिने!"

दुपार सरली. मध्येच भांडण झालं, एका शब्दावर दोघंही हटून बसली, शेवटी बाबांनी हार मानली आणि त्याच क्षणी ओळ लागली. ते खुर्चीतून उठले. सगळा वर्ग समोर बसल्यासारखे ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

"समुद्रावरच्यांनो, इकडे पाहा. हा दिवा तुमच्या बायकांनी दागिने मोडून उभारला. तो रोज लागेल. तुम्ही या."

मग संग्रहालयाच्या बाई ओरडल्याच, "सरदार नाही! बायका! आमच्याच बायका!" आणि धावत बाहेर जाऊन सहलीची अख्खी बस आत घेऊन आल्या. बाबांनी पुन्हा वाचून दाखवलं. टाळ्यांनी ती एवढीशी खोली दणाणून गेली. बाबांनी चाचपडत सुनेचा हात शोधला आणि जिंकलेल्या मल्लाचा करतात तसा उंच केला. "वाचलं आम्ही दोघांनी!"

वरिष्ठांनी बाईंनी पाठवलेले फोटो पाहून जाणकारांना घेऊन सकाळीच येतो असं कळवलं. पण बाईंना धीर कुठला! त्यांनी पाटीवरची सरदाराची ओळ कागद चिकटवून झाकलीसुद्धा.

बसमधल्या बायका एकेक करून बाहेर गेल्या आणि त्या दगडावर हात ठेवून आल्या. सर्वांत शेवटी डॉक्टरीणबाई गेली. नखांत अजून गुलाबी पीठ होतं. नुकताच धुतलेला दगड उतरत्या उन्हात सुकत होता, आणि आतून बाबांचा आवाज येत होता. नवी माणसं आली होती, आणि ते पहिल्यापासून सांगत होते.